रंग उडाला, निघाला की सुटला? बंपरच्या घरगुती रंगकामातले शब्द

घरच्या घरी बंपर रंगवणं किंवा थोडंसं टचअप करणं यावर मराठीत काही विचारायला गेलं की पहिली अडचण शब्दांचीच येते. "बंपरचा रंग गेलाय, काय करू" असं लोक विचारतात. आता गेलाय म्हणजे नक्की काय झालंय? उन्हाने फिका पडलाय, की भिंतीला घासून ओरखडा आलाय, की पापुद्रे निघतायत? तिन्हीवरचे उपाय पार वेगळे आहेत, आणि मराठीत या तिन्हीला वेगवेगळी क्रियापदं आहेत, आपण ती वापरत नाही इतकंच. माझ्या मते क्रियापद बरोबर सांगितलं की अर्धं निदान तिथेच होतं. मी कशी वापरते ते लिहिते, तुमच्याकडे वेगळं बोलत असतील तर जरूर सांगा.

रंग उडणे किंवा विटणे : उन्हाने, वयाने. रंग जागेवर आहे पण तेज गेलंय. इथे आधी पॉलिश करून बघायचं, रंगाचा डबा नंतर. न रंगवलेले काळे खरखरीत बंपर पांढुरके पडतात तेही यातच धरते, ते तर प्लास्टिकच वरवर खराब झालेलं असतं.

रंग खरवडणे : बाहेरून काहीतरी घासलं. इथे नख फिरवून बघायचं. नख अडकलं नाही तर ओरखडा बहुतेक वरच्या पारदर्शक थरातच आहे, घोटून जातो. नख अडकलं आणि तळाशी वेगळा रंग दिसला, प्रायमरचा (रंगाखाली मारतात तो) राखाडी किंवा प्लास्टिकचा काळा, तर भरावं आणि रंगवावं लागणार.

टवका उडणे : खडा लागून टिकलीएवढा तुकडा गेला. यासाठी बारीक ब्रश किंवा काडीच्या टोकाने थेंब ठेवायचा, स्प्रे करत बसायचं नाही.

रंग सुटणे : हे सगळ्यात वाईट, कारण रंगाने खालची पकडच सोडलेली असते. कडेला नख घातलं की पापुद्रा उचलतो आणि ओढत गेलं की येतच राहतो. त्यावर कितीही चांगला रंग मारा, खालच्या सुटलेल्या थरासकट तोही निघून येणार. जिथपर्यंत सुटतोय तिथपर्यंत सगळा काढायचा, दुसरा इलाज नाही.

---

प्रतिसाद

छान विषय. यात रंग काढणे हवंच, कारण यातून खरोखर गोंधळ होतात. आमच्याकडे "घराला रंग काढला" म्हणजे घर रंगवलं. आणि "दाराचा रंग काढला" म्हणजे दारावरचा रंग खरवडून टाकला. क्रियापद तेच, फरक फक्त ला आणि चा यांचा, आणि अर्थ बरोब्बर उलटा. आता कुणी घाईत टाइप केलं "बंपर रंग काढला, आता पुढे काय" तर ज्याला उत्तर द्यायचंय तो काय समजणार? प्रत्यय गाळू नका एवढंच म्हणणं आहे. किंवा सरळ "रंग दिला" आणि "रंग उतरवला" म्हणा, शंकाच नको. रंग मारणे हे कारागिरांच्या तोंडचं, मला त्यात काही वावगं वाटत नाही, स्प्रेला तर तेच शोभतं. फासणे मात्र निष्काळजीपणे थापल्यासारखं वाटतं, चांगल्या कामाला कुणी फासलं म्हणत नाही.

---

प्रतिसाद

मला हात या शब्दाबद्दल लिहायचंय. रंगकामात हात म्हणजे कोट. पहिला हात, दुसरा हात, अस्तराचा हात. ब्रशच्या कामात याचा अर्थ स्वच्छ आहे, सगळी भिंत एकदा रंगवून झाली की एक हात झाला. पण स्प्रेच्या डब्याने बंपर रंगवताना नवा माणूस "तीन हात मारा" वाचतो आणि डबा डावीकडून उजवीकडे नेला की एक हात मोजतो, म्हणजे तीन वेळा डबा फिरवला की काम संपलं! तसं नाहीये ते. डबा एकदा आडवा फिरवला तो झाला पट्टा. पुढचा पट्टा आधीच्यावर साधारण निम्मा चढवत चढवत संपूर्ण भाग झाकला की मग एक हात पुरा होतो. आणि हाताहातात वेळ सोडायचा, डब्यावर लिहिलेला असतो, बहुतेक १० ते १५ मिनिटं.

आणि थर म्हणजे हात नव्हे. थर म्हणजे जे बनलं ते, हात म्हणजे जे केलं ते. रंगाचे तीन हात मिळून रंगाचा एकच थर होतो. बंपरवर खालून वर थर साधारण असे: प्लास्टिकवर पकड देणारं द्रव्य, त्यावर प्रायमर, मग रंग, वरती पारदर्शक लॅकर. कुणी "दोन थर दिले" म्हणालं तर मी विचारतो, कशाचे?

---

प्रतिसाद

वरती अस्तर शब्द आलाय म्हणून. प्रायमरला अस्तर म्हणायला मला आवडतं, कपड्याला आतून अस्तर असतं तसं रंगाला खालून, अगदी चपखल आहे. पण बंपरच्या बाबतीत एक अडचण आहे ती सांगतो. बंपर बहुतेक पॉलिप्रॉपिलिनचे असतात, त्यात रबरासारखा ईपीडीएम आणि टाल्कची भुकटी मिसळलेली. बंपर काढून मागून बघितलात तर प्लास्टिकवरच उमटवलेलं असतं, पीपी, ईपीडीएम, टीडी २० वगैरे, त्यातला २० म्हणजे टाल्क २० टक्के. हे प्लास्टिक रंग धरत नाही. बघा किती नेमकं क्रियापद आहे आपल्याकडे! कापड रंग धरतं, लोखंड धरतं, हे धरत नाही, कारण याचा पृष्ठभाग इतका निर्लेप असतो की त्यावर द्रव नीट पसरतही नाही. कारखान्यात त्यासाठी ज्योतीखालून वगैरे नेतात. घरी आपण ॲढेजन प्रमोटर मारतो.

आता हा ॲढेजन प्रमोटर म्हणजे अस्तर नव्हे! दुकानात "प्लास्टिकचं अस्तर द्या" म्हटलं तर कुठलाही प्रायमर हातात पडू शकतो. प्रमोटर पातळ, जवळजवळ बिनरंगी, तो भरत नाही की झाकत नाही, फक्त पकड देतो. प्रायमर भरतो आणि झाकतो. काही डब्यात दोन्ही एकत्र असतं, ते वाचून घ्यायचं. याला मराठीत काय म्हणावं? मी धर म्हणतो, "आधी धर मारा मग अस्तर". कोशात या अर्थाने नसेल पण कळतं लगेच.

तुमचं प्लास्टिक यातलं आहे का हे घासताना समजतं. कोपऱ्यात पॉलिश पेपर फिरवा. भुकटी पडली तर प्लास्टिक सोपं. भुकटीऐवजी केसासारखे बारीक तंतू उभे राहिले, मळल्यासारखं झालं, तर धर लागणारच.

---

मूळ लेखिका

"धर" फारच आवडला, मी वापरणार!

तंतूंवरून लांबी आठवली. पुट्टीला लांबी म्हणतात हे आता बऱ्याच जणांना माहीत नसतं, "बंपरला लांबी भरली" वाचून त्यांना बंपर लांब केला असं वाटतं. सुतारकामातला, रंगाऱ्यांचा जुना शब्द आहे आणि चालू राहावा असं मनापासून वाटतं. पण इथेही सांभाळून, पत्र्यासाठीची लांबी कडक असते आणि बंपर लवचिक, कुठे जरा टेकला की आत जातो आणि परत बाहेर येतो, अशा वेळी कडक लांबीला तडा जातो नाहीतर ती खपलीसारखी सुटते. प्लास्टिकसाठी वेगळी मिळते, तीच मागा.

आणि पोचा. पत्र्याला पोचा येतो आणि तो ठोकून काढतात. प्लास्टिकच्या बंपरला पोचा म्हणावं का? मी म्हणते दबलाय. दबलेला बंपर खूप गरम पाण्याने किंवा हीट गनने लांबून मऊ करून आतून दाबला तर पुष्कळदा मूळ आकारात येतो, ठोकायचा प्रश्नच नसतो. पोचा म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात पत्रा येतो आणि तो हातोडीचा सल्ला देतो.

पूर्वीचे बंपर लोखंडी आणि त्यावर क्रोमचा मुलामा. १९७२ साली आलेल्या रेनो ५ या गाडीला प्लास्टिकचे बंपर होते, आणि पुढे हळूहळू सगळ्याच गाड्या त्या वाटेने गेल्या. जुनी गाडी जपणाऱ्यांनी मुलामा आणि रंग यात गल्लत करू नये, मुलामा "रंग गेलाय" म्हणून घासायला घेतला तर उरलेलाही जाईल.

---

प्रतिसाद

पॉलिश पेपरच्या नंबरांबद्दल कुणी लिहिलं नाही. जाड पेपर म्हणजे काय? कुणी कागदाची जाडी समजतो, कुणी दाण्याची. आणि "मोठा नंबर घ्या" म्हटलं की नव्याला वाटतं मोठा म्हणजे जास्त घासणारा. उलटं आहे, नंबर वाढेल तसा दाणा बारीक. मी भरड आणि बारीक म्हणतो, पिठासारखं, त्यात चूक होत नाही. लांबी भरड पेपरने उतरवायची, १८० ते २४० नंबर. प्रायमर मारायच्या आधी ३२० ते ४००. प्रायमर सुकल्यावर त्यावर ६०० ते ८००, पाणी लावून. रंगावर, विशेषतः मेटॅलिकवर, पेपर लावायचाच नाही, थेट लॅकर. लॅकर पक्का झाल्यावर त्यात संत्र्याच्या सालीसारखे खळगे दिसले तर १५०० ते २००० नंबरने पाण्यात घासून मग पॉलिश.

क्रियापदं पण वेगळी ठेवा. खरवडणे म्हणजे काढून टाकणे. घासणे म्हणजे सपाट करणे. घोटणे म्हणजे चकाकी आणणे. आणि चांगल्या रंगावर नवा रंग बसावा म्हणून नुसती वरची तकाकी घालवायची असते त्याला मी चमक मोडणे म्हणतो. "जुना रंग घासून घ्या" असं मोघम लिहिलं की लोक प्लास्टिक दिसेपर्यंत घासतात, आणि काही गरज नसते, जुना रंग घट्ट असेल तर तोच सगळ्यात चांगला पाया.

---

प्रतिसाद

वाळणे, सुकणे, पक्का होणे, यांचा फरक मला महत्त्वाचा वाटतो कारण घरी केलेली बहुतेक कामं इथेच बिघडतात. बोट लावलं आणि चिकटलं नाही की लोक म्हणतात वाळला. तो फक्त वरून सुकलाय, म्हणजे त्यातला थिनर बराचसा उडालाय. आतून पक्का व्हायला कितीतरी जास्त वेळ लागतो, थंडीत आणखी. तेवढ्यात बंपर परत लावला, स्क्रू आवळले, की बोटांचे ठसे कायमचे. साध्या डब्यातला लॅकर फक्त सुकतो, त्यावर पेट्रोल सांडलं तर मऊ पडू शकतो. ज्या डब्याच्या बुडाशी कळ असते, ती दाबून आतलं हार्डनर, म्हणजे लॅकर घट्ट करणारं द्रव्य, मिसळायचं, तो खऱ्या अर्थाने पक्का होतो, रासायनिक क्रिया होऊन. मात्र एकदा मिसळलं की तो डबा ठराविक तासांतच वापरावा लागतो, आतल्या आत घट्ट होतो.

आणि हे कळकळीने सांगतो, या हार्डनरमध्ये आयसोसायनेट नावाची रसायनं असतात, श्वासातून गेली तर दमा जडू शकतो. "मास्क लावा" एवढं लिहून भागत नाही हो, कारण मास्क म्हटलं की लोक कापडाचा नाहीतर धुळीचा लावतात. वाफा अडवणारा, कार्ट्रिजवाला मास्क असं पूर्ण लिहा. डब्यावर काय सुरक्षा सांगितलीय ती वाचा, मोकळ्या हवेत करा, आणि जमत नसेल तर लॅकरचं काम बाहेर द्या.

---

प्रतिसाद

मूळ शब्दाकडे, टचअप. डागडुजी म्हणावं का? डागडुजी छपराची, रस्त्याची, जुन्या वाड्याची होते, त्यात मोडलेलं निभावून नेण्याचा भाव आहे. रंगरंगोटी म्हणजे तर वरवरची सजावट, कधीकधी खालचं लपवायलाच केलेली. मला टचअपच बरा वाटतो, रूढ आहे, सगळ्यांना कळतो. पण टचअप आणि पूर्ण रंगवणे यात सीमारेषा हवी. टिकलीएवढा टवका, काडीएवढा ओरखडा, हे टचअप. तळहाताएवढी जागा झाली की ते टचअप राहत नाही, कितीही जपून करा तिथे ठिगळ दिसतंच. मग कडेपर्यंत, एखाद्या रेषेपर्यंत किंवा सगळाच बंपर.

नवा रंग जुन्यात हळूहळू पातळ करत नेतात त्या ब्लेंडिंगला विरवणे म्हणावं असं सुचवतो. "कडा विरवून घ्या", लगेच डोळ्यासमोर येतं.

---

मूळ लेखिका

विरवणे एकदम पटलं. त्याच्या जोडीला छटा घेऊ. गाडीच्या रंगाचा कंपनीचा कोड बघून अगदी तोच रंग आणला तरी छटा जुळत नाही अशी तक्रार नेहमी असते आणि लोक दुकानदाराला दोष देतात. कोड रंगाचा असतो, छटा मारण्यावरही ठरते. मेटॅलिकमध्ये ॲल्युमिनियमचे कण असतात, हात ओला पडला तर ते खाली बसतात आणि रंग गडद दिसतो, डबा लांब धरून कोरडा मारला तर कण वरच राहतात, रंग उजळ दिसतो. त्यामुळे आधी टाकाऊ प्लास्टिकच्या तुकड्यावर मारून, वर लॅकर देऊन, उन्हात गाडीशेजारी धरून बघा. लॅकरशिवाय तुलना करू नका, रंग तोवर मंद दिसतो. कंपनीतूनसुद्धा बंपर आणि पत्रा यांची छटा किंचित वेगळी असू शकते, प्लास्टिक पत्र्याइतकी भट्टी सोसत नाही म्हणून पुष्कळदा वेगळं रंगवतात. तेव्हा तुलना बंपरशी करा, बॉनेटशी नको.

---

प्रतिसाद

ओघळ राहिला. रंग जास्त झाला की खाली घळतो तो ओघळ. ओला असताना बोटाने पुसायचा मोह आवरा, पक्का होऊ द्या, मग लाकडी ठोकळ्यावर बारीक पेपर गुंडाळून फक्त तेवढाच घासा. आणि मासोळी डोळा म्हणतात ते गोल खड्डे, रंग मध्येच फाकून खालचं दिसतं, ते सिलिकॉनमुळे. टायर किंवा डॅशबोर्ड चमकवायच्या स्प्रेमध्ये असतं ते, रंगकामाच्या आसपास तो डबा उघडूसुद्धा नका. नुसत्या साबणाने जात नाही, मेण आणि तेल काढणारं द्रव्य घेऊन एका फडक्याने लावायचं आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपायचं. टिपायचं, चोळायचं नाही, नाहीतर तेच तेल इकडून तिकडे पसरतं.

ज्यांच्या बंपरमध्ये पार्किंगचे सेन्सर आहेत त्यांनी ते काढून किंवा झाकून घ्या, त्यांच्यावर जाड थर बसला तर ते नीट चालत नाहीत. बंपरमागे रडार असेल तर त्या जागी लांबी भरू नका, कंपनीची सूचना बघा.

आणि रंग बाहेर जाऊ नये म्हणून कडेला लावलेली टेप काढणे. ओढणे नव्हे. शेवटचा हात मारल्यावर थोड्या वेळात, रंग पूर्ण कडक व्हायच्या आत, टेप स्वतःवरच मागे दुमडून तिरकी, सावकाश काढायची. कडक झाल्यावर ओढली तर टेपबरोबर कडेचा रंगही टवक्यांनी उचलतो, आणि मग परत वरचं टवक्याचं वाचावं लागेल.