प्रकाशरसायन आणि आनुवंशिक चयापचय विकार: एकाच कारकिर्दीत दोन्ही शक्य आहे का?

रंगद्रव्य विचारतात:
नमस्कार. माझा एम.एस्सी.चा प्रकल्प सेंद्रिय रंगद्रव्यांच्या प्रकाशरसायनावर आहे, पीएच.डी. मात्र आनुवंशिक चयापचय विकारांवर करावी असे वाटते. मार्गदर्शकांच्या मते हा सरळ क्षेत्रबदल आहे आणि आधीचे शिक्षण त्यात वाया जाईल. ही दोन्ही क्षेत्रे एकाच शास्त्रज्ञाने सांभाळल्याचे उदाहरण आहे का? नुसते नाव नको. पहिल्या कामातून दुसरे कसे निघाले हे कळावे.

अभ्यासिका:
अमेरिकी संशोधक मिशेलिन मॅथ्यूज-रॉथ यांची कारकीर्द पाहावी. १९५९ मध्ये त्यांनी सिस्ट्रॉम यांच्यासह ‘नेचर’मध्ये सार्सिना ल्युटिया या पिवळ्या जिवाणूविषयी निबंध प्रसिद्ध केला. त्याचा कॅरोटिनॉइड (पिवळे-नारिंगी रंगद्रव्य) नसलेला रंगहीन वाण प्रकाश आणि ऑक्सिजन एकत्र आले की मरत असे, मूळ पिवळा वाण मात्र तगत असे. म्हणजे हे रंगद्रव्य पेशीचे संरक्षण करते. १९६४ मध्ये त्यांनी हिमॅटोपॉर्फिरिन (पॉर्फिरिन वर्गातील, प्रकाश शोषून पेशींना अपाय करणारे रंगद्रव्य) टोचलेल्या उंदरांवर प्रयोग केला, तेव्हा बीटा-कॅरोटिन या कॅरोटिनॉइडमुळे प्रकाशाने होणाऱ्या मृत्यूपासून बचाव होतो असे दिसले.

इथून आनुवंशिक विकार एका पावलावर होता, आणि त्याचे वर्णन नुकतेच, १९६१ मध्ये, झाले होते. एरिथ्रोपोएटिक प्रोटोपॉर्फिरिया या विकारात प्रोटोपॉर्फिरिन या दुसऱ्या पॉर्फिरिनमध्ये लोह बसवून हीम (रक्तातील तांबडे द्रव्य) तयार करणारे फेरोकिलेटेज हे विकर अपुरे पडते. तांबड्या पेशींत साठलेले प्रोटोपॉर्फिरिन सुमारे ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश शोषून उत्तेजित अवस्थेत जाते आणि ती ऊर्जा ऑक्सिजनला देते. त्यातून सिंगलेट ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजनचे अतिक्रियाशील रूप, निर्माण होतो, आणि रुग्णाच्या त्वचेची काही मिनिटांच्या उन्हातच असह्य आग होते. ही तरंगलांबी खिडकीच्या काचेतून सहज आत येत असल्याने घरात बसूनही पूर्ण सुटका नसते. बीटा-कॅरोटिन सिंगलेट ऑक्सिजन शमवते, म्हणजे त्याची ऊर्जा काढून घेऊन त्याला निरुपद्रवी करते, हे फूट आणि डेनी यांनी १९६८ मध्ये दाखवले. १९७० मध्ये मॅथ्यूज-रॉथ यांनी मधु पाठक, थॉमस फिट्झपॅट्रिक आदींसह या विकारावर बीटा-कॅरोटिन वापरल्याचा अहवाल प्रसिद्ध केला, आणि १९७५ मध्ये अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता मिळाली. पुढे १९९९ मध्ये, याच विकाराच्या उंदरांतील प्रकाशसंवेदनशीलता जनुकोपचाराने घालवल्याच्या निबंधातही त्या सहलेखिका होत्या.

मला यात क्षेत्रबदल दिसत नाही. प्रकाश आणि ऑक्सिजनने होणारा अपाय कॅरोटिनॉइड कसा टाळते, हा एकच प्रश्न त्यांनी जिवाणू, उंदीर आणि माणूस अशा तीन ठिकाणी विचारला.

साशंक:
मांडणी योग्य आहे, पण या कथेचा शेवट तितका निर्विवाद नाही. १९७७ च्या त्यांच्या अहवालात १३३ रुग्णांपैकी ८४ टक्क्यांची ऊन सोसण्याची क्षमता तिप्पट किंवा अधिक झाल्याचे म्हटले होते. त्याच वर्षी ब्रिटनमधील नियंत्रित चाचणीत मात्र लाभ सिद्ध झाला नाही. अडचण मूलभूत आहे. बीटा-कॅरोटिनने तळहात पिवळे पडतात, त्यामुळे औषध कोणाला मिळाले हे रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही कळते आणि चाचणी ‘अंध’ ठेवणे कठीण होते. शिवाय वेदनेच्या भीतीने आयुष्यभर उन्हाला टाळलेल्या माणसाची सहनशक्ती मोजायची तरी कशी? परीक्षानळीत चोख दिसणारी शमनक्रिया त्वचेत पुरेशी घडेलच असे नाही. आता त्वचेतील मेलॅनिन वाढवणारे अफामेलॅनोटाइड उपलब्ध आहे. त्याला युरोपात २०१४ मध्ये आणि अमेरिकेत २०१९ मध्ये मान्यता मिळाली.

अभ्यासिका:
आक्षेप मान्य आहे. परिणामकारकतेचा वाद खुला असला तरी प्रश्नकर्त्यांना हव्या असलेल्या धाग्याला त्याने बाध येत नाही, एवढेच म्हणेन.

नवजात विभाग:
याच दिशेचे दुसरे, उलटे उदाहरण क्रिग्लर-नज्जार या आनुवंशिक विकाराचे आहे. इथे प्रकाश अपाय करीत नाही, तोच उपचार ठरतो. यकृतातील विकराच्या अभावी बिलिरुबिन हे पिवळे रंगद्रव्य साठते. निळ्या प्रकाशाने त्याच्या रेणूची घडण बदलते, आतले हायड्रोजन बंध सुटतात आणि ते पाण्यात अधिक विरघळणारे होऊन पित्तावाटे बाहेर पडते. अँटनी मॅकडोनाह आणि डेव्हिड लाइटनर यांचे या प्रकाशसमघटकांवरील (प्रकाशाने घडण बदललेल्या रेणूंवरील) काम आपण अवश्य वाचावे.

मार्गदर्शकांना एक गोष्ट जरूर सांगावी: प्रोटोपॉर्फिरियाच्या रुग्णाचे यकृत प्रत्यारोपण करताना शस्त्रक्रियेच्या दिव्यांवर पिवळ्या गाळण्या बसवतात, कारण त्या दिव्यांच्या प्रकाशाने पोटातील अवयव भाजू शकतात. ती गाळणी कोणत्या तरंगलांबीपर्यंतचा प्रकाश अडवणारी असावी, हे ठरवायला आपल्यासारखे शिक्षण घेतलेला माणूसच लागतो.