लाइन कुठली, लाइन कसली: मुंबईत या एका शब्दाचे अर्थ तरी किती?

गिरगावची_मास्तरीण

मंडळी, मदत हवी आहे. मी संध्याकाळी घरी अमराठी लोकांना बोलायची मराठी शिकवते. व्याकरण कमी आणि भाजीवाली, टॅक्सीवाला, सोसायटीचा सेक्रेटरी जास्त. सध्या भुवनेश्वरहून बदली होऊन आलेला बँकेतला एक मुलगा येतो. फोर्टला नोकरी, नेरुळला भाड्याची खोली. कानावर पडेल ते वहीत टिपायची त्याला सवय आहे. परवा त्याने वही उघडून माझ्यापुढे धरली. वर ठळक अक्षरात 'लाइन', आणि खाली एका दिवसात ऐकलेली वाक्यं.

सकाळी घरमालकीण म्हणाली, "पाण्याच्या लाइनीचं काम काढलंय, बादल्या भरून ठेव." गाडीत शेजारच्याने विचारलं, "तुम्ही कुठल्या लाइनीला राहता?" बँकेत एक गिऱ्हाईक साहेबांना सांगत होतं, "मी आधी कपड्याच्या लाइनीत होतो." शिपाई दारातल्या गर्दीवर ओरडला, "लाइन लावा, लाइन!" दुपारी नेट गेलं तर "लाइन डाऊन आहे". आणि घरी जाताना दोन पोरं तिसऱ्याबद्दल बोलत होती, "तो तिच्यावर लाइन मारतोय."

मी त्याला रांग, ओळ, रेघ, रेषा, मार्ग, वाहिनी असे प्रतिशब्द देऊन पाहिले. "तो तिच्यावर रेघ मारतोय" इथपर्यंत आल्यावर वर्ग संपला तो संपलाच. जाता जाता आणखी एक विचारून गेला: मरीन लाइन्सला 'लाइन्स' का? तिथे असं काय जास्तीचं आहे?

हे सगळं एकाच शब्दाचं गोत्र आहे का? आणि शिकवायचं कुठून?

विरार_फास्ट

ताई, सोपं आहे. त्याला सांगा, मुंबईत लाइनी तीनच. वेस्टर्न, सेंट्रल, हार्बर. बाकीच्या सगळ्या अफवा.

ओळंबा

ताई, मी इमारतींच्या साइटवर सुपरवायझर होतो. नोकरी सगळी दोरी, ओळंबा (भिंत उभी सरळ आहे का ते बघायचं दोरीला लटकवलेलं वजन) आणि गुण्या (काटकोन बघायचं हत्यार) यांच्याशी गेली, तेव्हा जरा लांबण लावतो.

मुलाला प्रतिशब्द देऊ नका, आधी एक दोरी दाखवा. लॅटिनमध्ये जवसाला लिनम म्हणत. विदर्भात ज्याची चटणी करतात तेच हे जवस. वनस्पतिशास्त्रात आजही त्याचं नाव लिनम उसिटाटिसिमम. त्याच्या खोडातून धागा निघतो, त्या धाग्याचं कापड ते लिनन, आणि त्याची दोरी ती लिनिआ. इंग्रजीतली लाइन तिथून आली. म्हणजे लाइन ही मुळात हातात धरायची वस्तू, कागदावर काढायची रेघ नंतरची. शिंपी कोटाच्या अस्तराला लायनिंग म्हणतो, तेही लिननवरूनच, कारण अस्तर लिननचं लावत. रंगाऱ्याच्या लिनसीड तेलातलं 'लिन' हेच.

दोरी ताणली की सरळ होते, म्हणून सरळ रेघ ती लाइन. त्या रेघेवर माणसं उभी केली की रांग. रेघेसारखं लांबच लांब जे काही जातं, मग ते रूळ असोत, तार असो की नळ, ती लाइन. माणूस ज्या वाटेने पोट भरतो ती कपड्याची, हॉटेलची, सिनेमाची लाइन. इंग्रजांच्या बोलण्यात जुना अर्थही मेलेला नाही. गळाची दोरी ती लाइन, कपडे वाळत घालायची दोरी ती लाइन. त्यांचे खलाशी विषुववृत्ताला नुसतंच 'द लाइन' म्हणत.

बँकेतल्या माणसाला डेडलाइन माहीत असणारच. तिचा उगम भयानक आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात, 1864 साली, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीत तटाच्या आतल्या बाजूला एक हद्द आखली होती. कैद्याने ती ओलांडली की पहारेकऱ्याने गोळी घालायची. पुढे ती वर्तमानपत्रांच्या कचेरीत आली, आणि शेवटी बिल्डरच्या तोंडात. तिथे मात्र ती ओलांडून कोणी मेल्याचं मी पाहिलं नाही.

आता आपल्या गवंड्यांचा शब्द बघा: लाइनदोरी. म्हणायला 'दोरीदोरी'च झालं की! भिंत उचलताना दोन्ही टोकांच्या विटा आधी ओळंब्यात लावून घ्यायच्या, त्यांच्यामध्ये दोरी ताणायची आणि मधला थर त्या दोरीने न्यायचा. यात एक खुबी असते. वीट दोरीला टेकवायची नाही, किंचित फट ठेवायची. एक वीट टेकली की दोरी बाहेर ढकलली जाते, पुढची वीट त्या ढकललेल्या दोरीला धरून बसते, आणि पाच-सहा थर गेल्यावर भिंतीला पोट येतं. नवा गवंडी हमखास दोरीला चिकटून बांधतो, त्याला वाटतं हेच सरळ. युक्लिड म्हणून गेला की रेषेला लांबी असते, रुंदी नसते. त्याला कधी सुतळीने भिंत आखावी लागली नसणार.

पाया खोदण्याआधी जमिनीवर फक्की, म्हणजे चुन्याची पूड, मारून आम्ही लाइनआउट करतो, म्हणजे भिंतींच्या रेघा आखतो. काटकोन तीन-चार-पाचच्या मापाने तपासायचा: त्रिकोणाच्या बाजू तीन, चार, पाच आल्या की कोन बरोबर. तेव्हा मिस्त्रीला दिवसभर ओरडून सांगत असतो, "लाइन मार रे, लाइन मार!" शेजारच्या कॉलेजच्या मुली गेटवरून जाताना हसायच्या.

आणि तुमच्या मुलाला हेही सांगा की आपल्या मराठीने हाच प्रवास आपल्या धाग्यावरून केला आहे. सूत म्हणजे धागा. भिंत सरळ असली की ती 'सुतात' आहे. सुताराचं सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. गणितात ते सूत्र होतं. आणि दोघांचं जमलं की 'सूत जुळलं'. फारच जमलं की 'टाका भिडला'. तेव्हा लाइन मारणे हे रेघेवर जाऊन शोधू नका. प्रेमाला धागा लावायची आपल्याकडे जुनी सोय आहे, लाइन त्या जागी येऊन आरामात बसली असं माझं मत.

सिस्टर_डोंबिवली

काका, वाचून मजा आली. आमच्या वॉर्डातली भर घालते.

अतिदक्षता विभागात मान, खांदा किंवा जांघेतल्या मोठ्या शिरेत जी नळी घालतात तिला सेंट्रल लाइन म्हणतात. हातावरची साधी ती पेरिफेरल लाइन, मनगटाच्या धमनीत घालतात ती आर्ट लाइन. एकदा रात्रपाळीला डॉक्टरांनी आजोबांच्या मुलाला सांगितलं, "सेंट्रल लाइन टाकावी लागेल, इथे सही करा." तो बदलापूरचा, दिवसभराचा थकलेला. म्हणाला, "साहेब, मी येतो त्याच लाइनीने, काय झालंय तिला?" डॉक्टर नागपूरचे, त्यांना काही कळेना. मी मधे पडून मानेवर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा त्याने सही केली. आजोबा नंतर चांगले चालत घरी गेले, त्यामुळे आता हसू येतं.

औषधांतही फर्स्ट लाइन, सेकंड लाइन असते. टीबीच्या पेशंटला पहिल्या फळीची औषधं लागू पडली नाहीत तर दुसऱ्या फळीची देतात. ही लाइन रांगेतली नव्हे, लढाईतली. मराठीत 'फळी' म्हणतात ते मला जास्त आवडतं.

लाइनबॉक्स

सेंट्रल रेल्वेत गार्ड होतो, आता निवृत्त. मरीन लाइन्सचं उत्तर देतो.

इंग्रजांच्या छावणीत शिपायांचे तंबू आणि बराकी ओळीने असत. त्या ओळी म्हणजे लाइन्स. तिथे मरीन बटालियन राहायची, म्हणून ती जागा मरीन बटालियन लाइन्स, पुढे बटालियन गळाली आणि स्टेशनला मरीन लाइन्स राहिलं. रुळांशी काही संबंध नाही. पोलीस लाइन, नागपूरचं सिव्हिल लाइन्स, सगळी त्याच घरातली. ताई, तुमच्या गिरगावातून चालत जाण्याच्या अंतरावर आहे, मुलाला एकदा नेऊन आणा. आता तिथे छावणी नाही, पण लाइन्स हे अनेकवचन कशाचं ते उभ्याने सांगता येईल.

रेल्वेत हा शब्द इतका आहे की आम्हाला तो ऐकू येत नाही. मुंबईत चर्चगेट किंवा सीएसएमटीकडे जाते ती अप लाइन, तिथून बाहेर जाते ती डाऊन. विरार_फास्ट तीन लाइनी म्हणाले, पण ठाणे ते वाशी-पनवेल ट्रान्स हार्बर कुठे गेली? सीएसएमटीला मेन लाइनची लोकल म्हणजे कल्याणकडची, हार्बरची सोडून. मुंबई सेंट्रलला मात्र मेन लाइन म्हटलं की बाहेरगावच्या गाड्या. एकाच शहरात, एकाच रेल्वेच्या भाषेत! लाइन क्लिअर हा तर आमचा परवाना. पुढच्या स्टेशनने लाइन क्लिअर दिल्याशिवाय गाडी त्या सेक्शनमध्ये घालता येत नाही. हे वाक्य लोकांनी लग्नाच्या बोलण्यात नेलं, "मुलीच्या वडलांकडून लाइन क्लिअर आहे."

माझं टोपणनाव कशावरून ते कुणी विचारत नाही, म्हणून सांगतो. लांबच्या गाडीवर जाताना गार्डची आणि ड्रायव्हरची लोखंडी पेटी असायची, ती लाइन बॉक्स. झेंडे, बत्ती, फटाके, नियमांची पुस्तकं, सगळं तिच्यात. धुक्यात किंवा अपघातात मागून येणाऱ्या गाडीला सावध करायला रुळावर लावायचे ते फटाके. पेटी उचलायला स्वतंत्र माणूस लागे. आता चाकाच्या बॅगा आल्या.

विरार_फास्ट

ट्रान्स हार्बर मान्य. पण मग मेट्रोही धरा. 2014 साली वर्सोवा-घाटकोपर सुरू झाली ती लाइन 1, पुढे 2अ, 7, 3. पाटीवर 'मार्गिका' लिहितात, गाडीत कोणी म्हणत नाही.

क्रिकेट राहिलंच. आझाद मैदानावर आमचे सर एकच ओरडायचे, "लाइन पकड!" टप्पा म्हणजे लेंग्थ, दिशा म्हणजे लाइन. गंमत सांगतो. क्रिकेटमध्ये धावताना बॅट नुसती लाइनीवर टेकली असताना बेल्स उडाल्या तर आऊट, ती लाइनीच्या आत पाहिजे. टेनिसमध्ये चेंडू लाइनीला घासला तरी आत. एकच चुन्याची रेघ, एका खेळात वैरी आणि दुसऱ्यात मैत्रीण.

गिरगावची_मास्तरीण

किती छान लिहिलंत सगळ्यांनी. ओळंबाकाका, दोरी उद्याच दाखवते.

तुमचं वाचताना एक सुचलं. नाम त्याला येतंच, ते इंग्रजी आहे. त्याची अडचण क्रियापदाशी आहे. लाइन लागते, लावतात, मारतात, देतात, टाकतात, तोडतात. तेव्हा क्रियापदाप्रमाणे अर्थ शिकवला तर? लागली म्हणजे रांग, टाकली म्हणजे नळ किंवा नळी, मारली म्हणजे प्रेम.

ओळंबा

नाही जमायचं, ताई. लाइन मारणे साइटवर फक्कीचं आहे हे वर सांगितलंच. 'लाइन दे' हे गवंडी दोरीबद्दल म्हणतो, जुन्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटरला म्हणत, आणि कट्ट्यावरची पोरं मुलीने बघून हसलं की म्हणतात. 'लाइन लागली' म्हणजे रेशनच्या दुकानापुढे रांग, पण ट्रंककॉलच्या काळात फोन लागला की तेच वाक्य. कोण बोलतंय आणि कुठे उभा राहून बोलतंय, त्यावर ठरतं. त्याच्या वहीत वाक्याखाली जागा लिहायला लावा: घर, गाडी, बँक, कट्टा. लालबागला गणपतीत गेला तर नवसाची लाइन आणि मुखदर्शनाची लाइन वेगळी हेही आधी सांगून ठेवा. चुकीच्या लाइनीत घुसला तर तासन् तास बाहेर पडता येणार नाही.

सिस्टर_डोंबिवली

आणि लिंग पक्कं करून घ्या. ओडियात नामाला लिंग नसतं, माझी एक सहकारी तिकडचीच आहे. ती पहिलं वर्ष 'माझा लाइन', 'तो लाइन' म्हणायची. मराठीत लाइन बाई आहे: ती लाइन, लाइनीत, लाइनीवर. नवी पोरं 'लाइनमध्ये' म्हणतात ते चालतं, पण 'लाइनीत' म्हटलं की माणूस इथला वाटतो.

गिरगावची_मास्तरीण

हे तर लक्षातच नव्हतं आलं. तो खरंच 'माझा लाइन' म्हणतो, मला वाटायचं घाईत म्हणत असेल. मग या रविवारी जादा तास घेते, लिंग आणि लाइनदोरी दोन्ही उरकू. मरीन लाइन्सलाही जाऊन येऊ.

लाइनबॉक्स

नेरुळहून यायचंय ना त्याला? रविवार ठरवण्याआधी हार्बरला मेगाब्लॉक आहे का बघून घ्या. असला तर शनिवारीच बोलवा.