लेनोरमाँ पत्ते शिकायचेत: संच, पुस्तक, ॲप... नक्की काय घेऊ?

मृण्मयी_नाशिक

टॅरो थोडंफार येतं, म्हणजे मैत्रिणींना सांगण्याइतपत. आता लेनोरमाँ (३६ चित्रपत्त्यांवरून भविष्य बघायची, टॅरोसारखीच एक पद्धत) शिकायचंय. भावाने वाढदिवसाला ऑनलाइन मागवून एक संच दिलाय. जलरंगातली चित्रं, सोनेरी कडा, पेटी तर अशी देखणी की शोकेसमध्येच ठेवावी. पण पत्त्यांवर आकडे नाहीत. ३६ ऐवजी ४० पत्ते निघाले. जास्तीच्या चारांचं काय करायचं ते कुठे लिहिलेलं नाही, कारण पुस्तिकाच नाही. एक क्यूआर कोड आहे आणि तो उघडत नाही.

यावरच शिकू की दुसरा संच घेऊ? ॲप चांगलं पडेल का? एका ठिकाणी ऑनलाइन कोर्स आहे, पण फी ऐकून पोटात गोळा आला. 'मादम्वाझेल लेनोरमाँची मूळ गुप्त पद्धत' शिकवतो म्हणतात. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे प्रत्येक वेबसाइटवर अर्थ वेगळा. कोल्हा म्हणजे कुठे लबाडी, कुठे चक्क नोकरी. कुणाचं खरं धरायचं?

चौकट_राजा

मी ॲप वापरतो. रोज सकाळी तीन पत्ते येतात, खाली अर्थ लिहिलेला असतो. लोकलमध्ये उभ्या उभ्या वाचून होतं. फुकट आहे, जाहिराती सोसाव्या लागतात.

निरीश्वर_नाना

छापील पुठ्ठ्याला उद्या काय होणार ते कळत नाही. त्या फीच्या पैशात नाशिकहून त्र्यंबकेश्वर, भंडारदरा फिरून याल. बाकी चालू द्या.

बदाम_सात

मृण्मयी, तुला 'तू'च म्हणते, माझी भाची तुझ्याच वयाची असेल. मी मूळची सांगलीची, आता बरीच वर्षं जर्मनीत न्यूरेंबर्गजवळ राहते. गाव सांगण्याचं कारण, तुझे पत्ते मूळचे इथले. योहान कास्पार हेश्टेल नावाच्या न्यूरेंबर्गच्या माणसाने १७९९ च्या सुमारास 'आशेचा खेळ' काढला. ३६ चित्रपत्ते सहा-सहाच्या ओळींत मांडायचे, फासे टाकायचे, सोंगट्या पुढे न्यायच्या. आपली सापशिडीच म्हण. जहाजावर (३) पोचलात की थेट पक्ष्यांवर (१२), कारण जहाज कॅनरी बेटांना निघालेलं आणि कॅनरी पक्षी तिथले. शवपेटीवर (८) पडलात की मेलात, दुसरा कोणी तिथे येईपर्यंत किंवा फाशांवर जोडी पडेपर्यंत. नांगर (३५) गाठला की डाव जिंकला. या खेळाची एक प्रत लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे आणि तिची चित्रं त्यांच्या वेबसाइटवर बघता येतात. पैसे टाकण्याआधी ती बघून ये. आजच्या संचातलं घर, झाड, ढग, साप, सगळं त्याच क्रमाने तिथे दिसेल.

मादम्वाझेल लेनोरमाँ पॅरिसची नावाजलेली भविष्यवाली, सम्राज्ञी जोसेफीन आपल्याकडे यायची हे तिने स्वतःच भरपूर गाजवलेलं. ती १८४३ मध्ये वारली आणि तिचं नाव या पत्त्यांना चिकटलं ते त्यानंतर, खपासाठी. तेव्हा 'तिची मूळ गुप्त पद्धत' विकणाऱ्या कोर्सचं काय करायचं ते तू ठरव. मी तर फीचा आकडाही विचारला नसता. आणखी एक, दुकानात 'ग्रां ज्य' नावाचा ५४ पत्त्यांचा संचही तिच्याच नावाने मिळतो. नक्षत्रं, पुराणकथा, फुलं असं बरंच काही एकेका पत्त्यावर कोंबलेलं असतं. ते प्रकरण निराळं आहे, चुकून घेऊ नकोस.

आता संच. भावाने दिलेला नीट जपून ठेव, पण त्यावर शिकू नकोस. शिकताना पत्त्यावर तीन गोष्टी हव्यात: ओळखू येणारं चित्र, आकडा आणि कोपऱ्यात आपल्या नेहमीच्या खेळातला पत्ता (बदाम, किलवर वगैरे). हा तिसरा लोकांना शोभेचा वाटतो. टॅरोकडून येणाऱ्यांना तर हमखास. पण किलवरचे पत्ते एका ओळीत लावून बघ: छक्की क्रूस, सत्ती उंदीर, अठ्ठी डोंगर, नव्वी कोल्हा, दश्शी अस्वल, गुलाम चाबूक, राणी साप, राजा ढग. घरात एवढी मंडळी एकदम आली तर आपण दार लावून घेऊ. म्हणजे मोठ्या मांडणीत (छत्तीसही पत्ते एकदम) एका जागी किलवर दाटले की एकही अर्थ न आठवता कळतं, इथे काहीतरी जड आहे. हे तुझ्या जलरंगांच्या संचात दिसणारच नाही.

विकत घ्यायचा तर 'ब्लू ओउल' नावाचा जुना जर्मन वळणाचा संच किंवा व्हिएन्नाच्या पियाटनिकचा, दोन्ही साधे. नक्कल मात्र ओळखायला शीक. पातळ कागद, चारी बाजूंनी कापलेली चित्रं आणि पुस्तिकेऐवजी क्यूआर कोड. (तुझ्या भावाला हे सांगू नकोस.)

पण खरं सांगू का, विकत घेऊच नकोस. घरात पत्त्यांचा जोड असेलच. त्यातून जोकर आणि दुर्री, तिर्री, चौकी, पंजी काढून टाक. सोळा गेले, उरले छत्तीस, बरोबर लेनोरमाँएवढे. प्रत्येकावर आकडा आणि चित्राचं नाव लिही. बदामचा एक्का २८ पुरुष, इस्पिकचा एक्का २९ स्त्री, चौकटचा एक्का ३१ सूर्य, किलवरचा एक्का २५ अंगठी, असं. ३६ वेळा हाताने लिहिताना जे डोक्यात बसतं ते कुठलं ॲप बसवणार नाही. माझ्या शेजारच्या आजींनी मला असंच करायला लावलं. त्यांचे स्वतःचे पत्ते इतके मळलेत की कोल्हा आणि कुत्रा फक्त शेपटीवरून ओळखायचे.

माप बघ. मोठ्या मांडणीत छत्तीसच्या छत्तीस पत्ते लागतात, नऊ-नऊच्या चार ओळी किंवा आठ-आठच्या चार आणि खाली चार. साधे पत्ते ५० ते ६० सेंटीमीटर रुंदीत बसतात, एका चौरंगावर. टॅरोच्या मापाचे घेतलेस तर सतरंजी अंथरावी लागेल आणि मग मांजर येऊन बसेल.

अर्थांचा घोळ हा संचाच्या भानगडीपेक्षा मोठा. लबाड कोल्हा जुना, नोकरीचा कोल्हा अलीकडचा, अमेरिकन वळणाच्या लोकांचा. इथे बरेच जण नोकरीसाठी नांगर बघतात, काही चंद्र बघतात. कुणी खोटं नाही, पण एकाच मांडणीत तिन्ही धरलेस तर नोकरी जिथे हवी तिथे सापडेल आणि त्याला वाचणं म्हणत नाहीत. एक लेखक किंवा एक शिक्षक धर आणि निदान वर्षभर दुसऱ्याच्या दारात जाऊ नकोस. पुस्तक निवडताना मधलं कुठलंही पान उघड. पत्ता प्रश्न विचारणाऱ्या माणसाच्या पत्त्याच्या (२८ किंवा २९) जवळ पडला तर काय आणि लांब पडला तर काय, हे सांगत असेल तर घे. जुन्या संचांबरोबर येणारा सूचनांचा कागद सगळा याच हिशेबाचा आहे: झाड लांब तर प्रकृती उत्तम, अंगठी उजवीकडे तर श्रीमंत घरात सुखाचं लग्न, ढगांची उजळ बाजू माणसाकडे तर शुभ, काळी बाजू तर काहीतरी कटकट. नुसती प्रत्येक पत्त्याखाली वीस-वीस शब्दांची यादी असेल तर ठेवून दे. आणि उलटे पत्ते हा प्रकार इथे नाही, टॅरोची ती सवय सोड.

ॲपबद्दल राजेंशी माझं जमणार नाही. लेनोरमाँत सुटा पत्ता जवळजवळ मुका असतो. पहिला पत्ता विषय, दुसरा त्याचं वर्णन. पत्र आणि उंदीर: कागद गहाळ, अर्धवट, कुठेतरी अडकलेला. अंगठी आणि विळा: करार तडकाफडकी तुटला. तीन पत्त्यांखाली तीन सुटे परिच्छेद देणारं ॲप नेमकं हे जोडायचं कामच शिकवत नाही. मोबाइल वापरायचाच तर अंकीसारखं फ्लॅशकार्डचं साधन घे (अँड्रॉइडवर फुकट, आयफोनवर विकत) आणि आकडा, चित्र, खेळातला पत्ता एवढंच पाठ कर.

आणि सगळ्यात कामाचं साधन, दोनशे पानी वही. सकाळी दोन पत्ते काढ आणि एक वाक्य लिही, असं की जे संध्याकाळी खोटं ठरू शकेल. 'आज सकारात्मक ऊर्जा' असलं नको. मला एकदा घोडेस्वार आणि मनोरा आले, मी लिहिलं 'सरकारी कचेरीतून काहीतरी येणार', आणि दुपारी घराच्या कराचं पत्र आलं. नाना, खूश होऊ नका आणि रागावूही नका, वहीतल्या निम्म्याहून जास्त वाक्यांपुढे फुली आहे. मी काही तुम्हाला पटवायला बसलेली नाही. पण फुल्या दिसतात म्हणून तर वही ठेवायची.

निरीश्वर_नाना

फुल्या मोजणारी भविष्यवाली पहिल्यांदाच पाहिली. बाई, तुमच्याशी वाद घालायला मजा येणार नाही.

मृण्मयी_नाशिक

ताई, किती सविस्तर! कोर्सचा टॅब बंद केला. कपाटात बाबांचा रमीचा जोड सापडला, सोळा पत्ते बाजूला काढलेत. दोन शंका. किलवर जड, मग किलवरचा एक्का अंगठी कशी? आणि बदामची राणी करकोचा, चौकटची राणी दोन वाटा, हे चित्राशी जुळवायचं कसं? मला काही संबंधच दिसेना.

बदाम_सात

अंगठी अपवादच. लग्न हे लोढणं असतं म्हणून ती किलवरमध्ये आहे, असं आजी हसत सांगतात, ते शास्त्र म्हणून घेऊ नकोस. अंगठी म्हणजे बांधिलकी, करार, पुन्हा पुन्हा येणारी गोष्ट. चांगली की वाईट ते शेजारचा पत्ता सांगतो.

राण्यांचा चित्राशी संबंध शोधत बसू नकोस. राजे, राण्या आणि गुलाम यांचा उपयोग माणसं ओळखायला होतो. चौकटच्या राणीच्या आजूबाजूला सगळी माणसांचीच चित्रं पडली तर प्रश्नात कुणीतरी बाई आहे का ते विचारायचं. पण हे पुढचं. आधी वर्षभर दोन-दोन पत्ते, मग तीन, मग पाच. मोठ्या मांडणीला हात लावायची घाई नको, छत्तीस पत्ते एकदम समोर आले की माणूस हवं तेच बघतो.

किलवर_गुलाम

ताईंशी पूर्ण सहमत. फक्त एक भर: बाबांचा जोड प्लॅस्टिकचा असेल तर साध्या स्केचपेनची शाई पिसताना बोटांना लागते. सीडीवर लिहायचा मार्कर आण, बारीक टोकाचा, आणि लिहून झाल्यावर पत्ते पसरून वाळव, एकावर एक ठेवू नकोस. मागच्या बाजूला डाग पडू देऊ नकोस, नाहीतर शवपेटी कुठली ते न उलटताच कळायला लागतं. आणि बाबांना आधी विचार. आमच्याकडे यावरून महाभारत झालं होतं.

मृण्मयी_नाशिक

विचारलं. म्हणाले, जोकर तेवढे परत दे.