स्ट्रएनकॉपीला सुरक्षित म्हणणे थांबवा

वरुडकर
काल येथे एका सदस्याने लिहिले, "स्ट्रकॉपी वापरणाऱ्याच्या हाती की-बोर्ड देऊ नये, तिच्या जागी डोळे मिटून स्ट्रएनकॉपी लिहावी." ही दोन्ही सी भाषेतील मजकूर एका जागेतून दुसऱ्या जागेत उतरवणारी फंक्शने; पहिली जागा किती हे पाहत नाही, दुसरीला ती सांगावी लागते. पूर्वार्धाबद्दल माझा वाद नाही, उत्तरार्ध वाचून मात्र राहवले नाही, म्हणून हा वेगळा धागा. जुन्या युनिक्समध्ये डिरेक्टरीतील फाइलचे नाव 14 बाइटांच्या ठरावीक जागेत बसवावे लागे आणि स्ट्रएनकॉपी ही त्या कामाची आहे. म्हणूनच मजकूर आखूड असला तर उरलेली सारी जागा ती शून्यांनी भरत बसते, आणि मजकूर जागेइतका किंवा त्याहून लांब असला तर मजकूर संपल्याची खूण असलेले शेवटचे शून्य टाकतच नाही.

आमच्याकडील एका जिनिंगच्या वजनकाट्यावर पावतीच्या प्रोग्राममध्ये जिल्ह्यासाठी 20 बाइट ठेवले होते. 'अमरावती' यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत सात चिन्हांचे, प्रत्येकी तीन बाइट, म्हणजे 21. शेवटचे शून्य पडले नाही, छापणारे फंक्शन प्रिंटएफ थेट पुढच्या रकान्यात शिरले, आणि पावतीवर 'अमरावत', एक चौकोन व त्याला चिकटून गाडीचा क्रमांक छापून आला. कापूस विकून बसलेल्या माणसाला हे काय म्हणून समजावायचे?

पुसदचे मास्तर
शेवटच्या बाइटमध्ये स्वतः शून्य लिहावे, एका ओळीचे काम आहे. त्यासाठी एवढा कीस पाडण्याची गरज नव्हती.

मेळघाटी
मास्तर, ती एक ओळच लोक विसरतात. शिवाय ती लिहिली की मजकूर कापला जात असल्याचा जीसीसी या कंपायलरचा इशाराही गप्प होतो. याच कामाची दुसरी फंक्शन स्ट्रएलकॉपी 1998 पासून ओपनबीएसडी या युनिक्स घराण्यातील प्रणालीत आहे. लिनक्सवरील सीची फंक्शने पुरवणाऱ्या जीलिबसीवाल्यांनी हट्टाने ती अडवून ठेवली आणि 2023 मध्ये 2.38 या आवृत्तीत मुकाट्याने घेतली. ती शून्य नक्की टाकते आणि मूळ मजकुराची लांबी परत देते. ती लांबी बफरच्या, म्हणजे मजकूर ठेवण्याच्या जागेच्या, आकाराइतकी किंवा जास्त असली की मजकूर कापला गेला, हे कळते.

पुसदचे मास्तर
आपण जीलिबसीच्या आवृत्त्या सांगा. आमच्या प्रयोगशाळेत आजही टर्बो सी हा जुना कंपायलर चालतो. त्यात स्ट्रएलकॉपी नाही आणि जागेची मर्यादा पाळून मजकूर लिहिणारी एसएनप्रिंटएफही नाही. बाह्य परीक्षक येतो तो पुस्तकातला स्ट्रकॉपीचा प्रोग्राम मागतो, आणि विद्यार्थ्याने लांबी तपासली तर "हे कशाला वाढवले?" असे विचारून गुण कापतो. हे माझ्यासमोर घडले आहे.

मेळघाटी
म्हणजे परीक्षकाच्या भीतीने पिढ्यान्‌पिढ्या चुकीचे शिकवायचे! जीसीसी फुकट आहे, जुन्या संगणकावरही चालते. अडचण यंत्राची नाही, बसलेल्या सवयीची आहे.

पुसदचे मास्तर
फुकट आहे हे मलाही ठाऊक आहे. भारनियमनात वीस मुलांचे प्रात्यक्षिक उरकून दाखवा, मग सवयीवर व्याख्यान द्या. मी लिनक्स टाकले होते. परीक्षेच्या आधी वरून आदेश आला की टर्बो सीचा निळा पडदाच हवा. नोकरी माझी जाते, आपली नाही.

मेळघाटी
आदेश लेखी होता का?

पुसदचे मास्तर
आपण कधी संस्थेत काम केलेले दिसत नाही.

वरुडकर
टर्बो सीचे श्राद्ध दुसऱ्या धाग्यावर घालावे, ही दोघांना विनंती. मेळघाटी, त्याच 20 बाइटांत स्ट्रएलकॉपी चालवून पाहा: 19 बाइट जातील, म्हणजे सहा चिन्हे आणि 'ी'चा एक तुटका बाइट. गाडीचा क्रमांक चिकटणार नाही, जिल्हा मात्र 'अमरावत'च राहील. शिवाय लांबी मोजण्यासाठी ती मूळ मजकूर शेवटपर्यंत वाचते. काट्याच्या सीरियल पोर्टवरून आलेल्या ओळीत शून्यच नसेल तर ती हद्दीबाहेर वाचत जाईल. लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नेलने, याच कारणास्तव हद्दीबाहेर न वाचणारी स्ट्रएससीकॉपी आणली आणि 2024 मध्ये 6.8 मधून स्ट्रएलकॉपी काढून टाकली. मजकूर मावत नसेल तर काय करायचे हे आधी ठरवावे लागते. ते कोणतेही फंक्शन ठरवून देत नाही. लांबी आधी मोजा, मावत नसेल तर नोंद नाकारा, मावत असेल तर सांगितले तितकेच बाइट उतरवणाऱ्या मेमकॉपीने शून्यासकट उचला.

मेळघाटी
कर्नेलची गोष्ट वेगळी, आमचे प्रोग्राम वेगळे. तरी परत आलेली लांबी न तपासता स्ट्रएलकॉपी वापरणे म्हणजे अर्धवट काम, इतके मान्य करतो.

पुसदचे मास्तर
लांबी मोजून मेमकॉपी टर्बो सीतही करता येते, तेव्हा वरुडकरांचा उपाय तेवढा आमच्या मागासलेल्या प्रयोगशाळेला परवडेल. मुलांना शिकवीन. परीक्षकाने गुण कापले तर त्याला वरुडचा रस्ता दाखवीन.