फ्लोट स्विच म्हणजे दाबून धरलेलं बटणच

बॅटरीवरच्या सर्किटबद्दल काही जण म्हणतात, बटण दिवसातून दोनदाच दाबलं जातं, मग पुल-अपची (म्हणजे स्विच उघडा असताना पिन हाय धरणाऱ्या रेझिस्टरची; स्विच जुळला की त्यातून ग्राउंडला करंट वाहतो) काळजी कशाला? घराच्या बेलसाठी खरंय. आमचा अनुभव निफाडच्या शेततळ्याचा. भावाच्या द्राक्षबागेत एनआरएफ५२८३२ला (ब्लूटूथ रेडिओ असलेली मायक्रोकंट्रोलर चिप) फ्लोट स्विच, म्हणजे पाण्याच्या पातळीवर चालणारा तरंगता स्विच, जोडला होता. तळं भरलं की स्विच जुळतो आणि जुळलेलाच राहतो, आठ-आठ दिवस. त्या चिपचा आतला पुल-अप साधारण १३ किलोओहमचा, म्हणजे ३ व्होल्टला २३० मायक्रोॲम्पिअर सतत ग्राउंडला वाया. सीआर२०३२ हा नाण्यासारखा सेल २२० मिलिॲम्पिअर-तासांचा. ४० दिवसांत खलास, रेडिओचा खर्च वेगळाच! आणि आम्ही रेडिओलाच शिव्या घालत बसलो होतो.

मग आतला पुल-अप बंद करून बाहेरून १ मेगाओहम लावला. ३ मायक्रोॲम्पिअर. पण पावसाळ्यात डब्यात ओल शिरली आणि पिन उगाचच लो, म्हणजे स्विच जुळल्यासारखी, दिसायला लागली. पीसीबी स्पिरिटने पुसून वर वॉर्निश मारलं, तेव्हा थांबलं. लांब वायरच्या गोंगाटासाठी पिन ते ग्राउंड १० नॅनोफॅरडचा कपॅसिटर टाकला, त्यात डिबाउन्सही (स्विच जुळतानाची थरथर गाळणं) बऱ्यापैकी भागतो.

त्याहून कमी हवं असेल तर आतलाच पुल-अप वापरा, स्विच जुळल्यावर तो प्रोग्रॅममधून काढून टाका आणि टायमरने मिनिटाला एकदा क्षणभर लावून पिन वाचा. तळ्याला तेवढं पुरतं.

आणि हो, झोपलेल्या एनआरएफ चिपला जाग आणण्यासाठी पिनचा सेन्स, म्हणजे पोर्ट इव्हेंट वापरा. जीपीआयओटीईचा (पिनवरचे बदल टिपणारा चिपचा भाग) इन इव्हेंट जास्त करंट खातो.