शाळा प्रशासन + शिक्षक प्रशिक्षण यावर पीएचडी करायची आहे, विषय कसा ठरवू आणि काय वाचू?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. मी नांदेड जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, मुख्याध्यापकपदाचा प्रभारही माझ्याकडेच आहे. एमएड झालंय आणि आता नोकरी सांभाळून पीएचडी करावी असं फार मनात आहे. विषय ढोबळ ठरलाय, शाळेचं प्रशासन, शिक्षकांचं प्रशिक्षण आणि मुलांचा विकास, पण या तिन्हींचा मेळ कसा घालायचा तिथे अडलंय.

एका मार्गदर्शकांना भेटले तर त्यांनी लगेच शीर्षकच सुचवलं, "नांदेड जिल्ह्यातील प्राथमिक शाळांतील मुख्याध्यापकांच्या प्रशासकीय कौशल्यांचा विद्यार्थ्यांच्या सर्वांगीण विकासावर होणाऱ्या परिणामाचा चिकित्सक अभ्यास". घरी येऊन परत परत वाचलं आणि यात मी नेमकं काय मोजणार तेच कळेना.

मला खरं छळणारा प्रश्न वेगळा आहे. आम्ही प्रशिक्षणाला जातो, पाच दिवस बसतो, गटचर्चा होतात, अभिप्राय पत्रकात सगळे "उत्तम" लिहितात आणि सोमवारी वर्गात पुन्हा तेच सुरू. पण कधीतरी एखादं प्रशिक्षण खरंच उतरतं, दुसरीची मुलं वाचायला लागतात, डोळ्यांदेखत होतं ते. मग एक का उतरतं आणि दुसरं का नाही? यावर आपल्याकडे कोणी नीट काम केलंय का, काय वाचू, आणि नोकरीत राहून हे झेपेल असं कसं आखू? अनुभवी लोकांनी मनमोकळं सांगा, कठोर बोललात तरी चालेल.

निळीशाई
ताई, पहिलं सांगते, ते शीर्षक घेऊ नका. शोधगंगावर (भारतातल्या पीएचडी प्रबंधांचं ऑनलाइन भांडार) जाऊन "मुख्याध्यापक", "प्रशासकीय कौशल्ये", "सर्वांगीण विकास" एवढं शोधा आणि समोर येतील ते चार-पाच प्रबंध उघडून नुसतं तिसरं प्रकरण वाचा. मी वाचलेल्या बऱ्याच प्रबंधांत पद्धत एकच दिसली, संशोधकाने स्वतः प्रश्नावली बनवली, पाच बिंदूंची श्रेणी, मुख्याध्यापकांनी स्वतःलाच गुण दिले, मग टी-मूल्य (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासायचं गणित) काढलं आणि निष्कर्ष आला की शहरी आणि ग्रामीण मुख्याध्यापकांत लक्षणीय फरक आहे किंवा नाही. मूल त्यात कुठेच नाही. इतकी वर्षं घालून शेवटी माणसं स्वतःबद्दल काय म्हणतात एवढंच हाती लागलं तर तुमचा मूळ प्रश्न तसाच राहील.

तुमचा खरा प्रश्न तुम्ही शेवटच्या परिच्छेदात लिहिलाय, तोच विषय आहे. एक प्रशिक्षण घ्या, एक इयत्ता, एक विषय. बाकी सगळं गाळा.

नियमांचं म्हणाल तर यूजीसीच्या २०२२ च्या नियमावलीत अर्धवेळ पीएचडीला परवानगी आहे, नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत पत्र लागतं. कोर्सवर्क किमान १२ क्रेडिटचं, एकूण मुदत सहा वर्षं, वर आणखी दोन वर्षांपर्यंत मुदतवाढ मिळू शकते आणि महिलांना त्याहून दोन वर्षं जास्त. प्रबंध देण्याआधी पेपर छापलाच पाहिजे ही अट त्या नियमावलीतून गेली आहे, तरी तुमच्या विद्यापीठाचे स्वतःचे नियम काय ते आधी विचारून घ्या. आणि ना हरकतीचा अर्ज आजच टाका, फाईल जिल्हा परिषदेत फिरायला वेळ लागतो हे तुम्हाला मी सांगायला नको.

आकडेमोड
मी शिक्षणशास्त्राचा नाही, संख्याशास्त्राचा आहे, पण शिक्षणातल्या मोठ्या पाहण्यांवर काम केलंय. तुमच्या विषयाला थेट लागू पडणारे दोन अभ्यास सांगतो.

पहिला शाळा प्रशासनावरचा, कार्तिक मुरलीधरन आणि अभिजीत सिंग यांचा, मध्य प्रदेशातला. शाळासिद्धी तुम्हाला माहीतच असणार, स्वयंमूल्यमापन, बाह्यमूल्यमापन, श्रेणी, मग शाळा सुधार आराखडा. त्या कार्यक्रमासाठी मध्य प्रदेशात १,७७४ शाळा चिठ्ठ्या टाकल्यासारख्या निवडल्या आणि बाकीच्या शाळांशी तुलना केली. मूल्यमापनं जवळजवळ सगळीकडे पूर्ण झाली, श्रेणीसुद्धा बऱ्यापैकी खरी निघाली, म्हणजे चांगल्या शाळेला चांगली आणि कच्च्या शाळेला कच्ची. पण शाळेच्या कामकाजात किंवा मुलांच्या शिकण्यात काहीही फरक पडला नाही. आणि तरीही कार्यक्रम यशस्वी समजून देशभरात ६ लाखांहून जास्त शाळांमध्ये नेला गेला. हा अभ्यास पूर्ण वाचाच, कारण कागद पूर्ण होणं आणि शाळा बदलणं या दोन गोष्टी कुठे वेगळ्या होतात ते त्यात टप्प्याटप्प्याने दिसतं.

दुसरा आपल्या मुंबईचा. प्रथम या संस्थेचा बालसखी कार्यक्रम, मुंबई आणि वडोदऱ्याच्या महापालिका शाळांमध्ये २००१ ते २००३ मध्ये तपासलेला, अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो वगैरे मंडळींचा, पेपर छापून आला २००७ मध्ये. वस्तीतलीच थोडी शिकलेली मुलगी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या मुलांना रोज दोन तास वेगळं घेऊन बसायची, मुलं जिथे होती तिथून सुरुवात करायची. पहिल्या वर्षी सरासरी गुण ०.१४ प्रमाण विचलनाने (गुण किती पसरलेले आहेत त्याचं माप) वाढले, दुसऱ्या वर्षी ०.२८ ने. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभराने पाहिलं तर फायदा ओसरून ०.१० च्या आसपास आला होता. हे शेवटचं वाक्य लोक सांगत नाहीत. तुम्ही मात्र तुमच्या आराखड्यात "प्रशिक्षणानंतर लगेच" आणि "पुढच्या वर्षी" अशा दोन्ही वेळा मोजणी ठेवाच.

खडूफळा
केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झालो, त्यामुळे थोडं मैदानातलं बोलतो. आकडेमोड सरांनी सांगितलेला अभ्यास मी वाचलाय आणि तो पटतो, पण त्यावरून "प्रशासनाने काही होत नाही" असं कोणी मनात धरू नये. आराखडा लिहून घेतला आणि पुढे कोणी फिरकलंच नाही, तर फरक कुठून पडणार? त्या कार्यक्रमात कुणाची जबाबदारी बदलली नाही, हाताला मदत वाढली नाही, हे त्या अभ्यासातच लिहिलंय.

उलट उदाहरण आपल्याच राज्यात आहे. साताऱ्याचं कुमठे बीट, म्हणजे एका विस्तार अधिकाऱ्याकडे असलेला शाळांचा गट. २२ जून २०१५ चा प्रगत शैक्षणिक महाराष्ट्रचा जीआर निघाला त्या सुमारास राज्यभरातून गाड्या भरभरून शिक्षक तिथे बघायला जायचे. तिथलं काम उभं राहिलं ते बीटच्या पातळीवर, विस्तार अधिकारी आणि शिक्षक सतत एकमेकांच्या वर्गात, काय जमलं काय नाही ते बोलत. पण मग झालं काय, बाकी ठिकाणी त्यातली फरशीवरची रंगीत आखणी तेवढी गेली आणि मुलांशी बोलण्याची रीत मागे राहिली. मी माझ्या डोळ्यांनी अशा कितीतरी शाळा पाहिल्या, जमीन रंगवलेली, त्यावर मुलं ओळीत बसलेली आणि गुरुजी फळ्यावरून उतरवून देताहेत. ताई, तुमचा प्रश्न नेमका इथेच आहे, वरून खाली येता येता प्रशिक्षणातलं काय टिकतं आणि काय गळतं. राज्याचे तज्ज्ञ मग जिल्ह्याचे मग तालुक्याचे सुलभक (प्रशिक्षण देणारे), प्रत्येक पायरीवर थोडं गळतं. त्याचा माग काढा. एकच घटक घ्या, घटकसंचात (प्रशिक्षणाच्या पुस्तिकेत) काय लिहिलंय, तालुक्याच्या सत्रात काय सांगितलं गेलं, वर्गात काय झालं. हे काम आपल्याकडे मराठीत फार कमी आहे हो.

आणि द्विशिक्षकी शाळांना विसरू नका. एक जण प्रशिक्षणाला गेला की दुसरा चारही वर्ग एकत्र बसवतो, पोषण आहार बघतो, पोर्टलवर माहिती भरतो. आरटीईच्या (शिक्षण हक्क कायद्याच्या) कलम २७ मध्ये जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला इतर अशैक्षणिक काम देऊ नये असं स्पष्ट आहे, पण ऑनलाइन माहितीचं काम शाळेचंच म्हणून धरलं जातं. शिक्षक परत आल्यावर शिकलेलं करून बघायला त्याला मोकळा तास मिळतो का, हा प्रशासनाचाच प्रश्न आहे. तुमचे दोन्ही विषय इथे जोडले जातात बघा.

वाड्याची_वाट
पालघरमध्ये मुलांच्या वाचन-लेखनावर काम करते. ताई, दुसरीचं वाचन म्हणालात म्हणून लिहितेय. लिरिल नावाचा अभ्यास वाचाच, शैलजा मेनन आणि सहकाऱ्यांचा, आपल्या पालघरमधला वाडा तालुका आणि कर्नाटकातलं यादगीर अशा दोन ठिकाणी पहिली ते तिसरीची मुलं सलग तीन वर्षं बघितली, मराठी आणि कन्नड. नुसत्या चाचण्या नाहीत, वर्गात बसून काय चालतं ते टिपलंय, शिक्षकांशी बोललेत, पाठ्यपुस्तक तपासलंय. मराठी वाचायला शिकताना मूल कुठे अडतं, जोडाक्षरं आणि मात्रांपाशी काय होतं, आणि अक्षरं पक्की झाल्याशिवाय अर्थाकडे जायचंच नाही या सवयीने काय नुकसान होतं, हे मला तिथून समजलं. मोठा अहवाल आहे, इंग्रजीत आहे, पण चिकाटीने वाचा.

वाड्यातच सोनाळे गावी क्वेस्ट संस्था आहे, २००७ पासून काम करतेय, शिक्षकांबरोबर वर्गात उभं राहून मदत करणं ही त्यांची पद्धत. जमलं तर एकदा प्रत्यक्ष जाऊन बघा. फलटणची प्रगत शिक्षण संस्थाही बघा, मॅक्सिन बर्नसन यांनी उभी केलेली, मराठी लिहा-वाचायला कसं शिकवावं यावर तिथे फार बारकाईने विचार झालाय.

साधनाबद्दल एकच सांगते. प्रश्नावली कमी करा आणि मुलाला समोर बसवून वाचायला लावा. अनोळखी छोटी गोष्ट द्या, रेकॉर्ड करा, मग गोष्टीवर दोन प्रश्न विचारा. पालकांची परवानगी घेऊन. अशी वीस मुलं वर्षातून तीनदा ऐकलीत तर दोनशे प्रश्नावल्यांपेक्षा जास्त कळेल.

आकडेमोड
वीस मुलांवरून जिल्ह्याबद्दल काही म्हणता येणार नाही हे मात्र लक्षात असू द्या. खोलात जायचं तर वीस ठीक, पण निष्कर्षात "जिल्ह्यातील शाळांमध्ये" असा शब्द नको.

वाड्याची_वाट
मान्य आहे सर. पण ताईंचा प्रश्न "किती" चा नाहीच, "का" चा आहे. का उतरतं हे कळायला वर्गात बसावंच लागेल.

गोदाकाठ
खरंच डोळे भरून आले वाचताना, एवढ्या मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. रात्री बसून परत आखलं. आता असं म्हणतेय: दुसरीच्या मराठी वाचनाचं एकच प्रशिक्षण, आमच्या तालुक्यातल्या सहा शाळा, त्यातल्या तीन द्विशिक्षकी. खडूफळा सरांनी सांगितलं तसं सत्रापासून वर्गापर्यंत माग काढायचा, आणि शाळेत शिक्षकाला त्यासाठी वेळ, साहित्य, मुख्याध्यापकाची साथ किती मिळाली ते पाहायचं. मुलांचं वाचन वर्षात तीनदा आणि पुढच्या वर्षी एकदा.

एक भीती आहे. मी त्यांच्यातलीच एक आहे. मी वही घेऊन मागच्या बाकावर बसले की सहकाऱ्यांना तपासणीच वाटणार. एक मॅडम आत्ताच म्हणाल्या, "ताई तुम्ही लिहिणार ते साहेबांकडे जाणार ना?" काय सांगू त्यांना?

निळीशाई
त्यांची भीती खोटी नाही, त्यामुळे नुसतं तोंडी आश्वासन देऊ नका. संमतीपत्र मराठीत, सोप्या भाषेत करा. शाळेचं आणि शिक्षकाचं नाव कुठेही येणार नाही, नोंदी फक्त तुमच्याकडे आणि मार्गदर्शकांकडे राहतील, आणि मध्येच नको वाटलं तर कारण न देता बाहेर पडता येईल, ही तीन वाक्यं त्यात हवीतच. सहाच शाळा एका तालुक्यातल्या असतील तर वर्णनावरूनही लोक ओळखतात, म्हणून तालुक्याचं नावसुद्धा लिहू नका. आणि स्वतःची शाळा नमुन्यात घेऊ नका.

शिक्षकांच्या गैरहजेरीवरचे दोन अभ्यास शेजारी ठेवून वाचा म्हणजे काय जपायचं ते समजेल. २००३ मध्ये देशभर सुमारे ३,७०० शाळांना न सांगता भेटी दिल्या होत्या, क्रेमर, मुरलीधरन आदींचा अभ्यास, त्यात सरासरी २५ टक्के शिक्षक जागेवर नव्हते. महाराष्ट्र सगळ्यात बरा, साधारण १५ टक्के, झारखंड ४२. नंतर २०१७ मध्ये अझीम प्रेमजी फाउंडेशनने सहा राज्यांत ६१९ शाळा बघितल्या, त्यांनी विचारलं की शिक्षक जागेवर नाही तर का नाही, आणि रजा, प्रशिक्षण, सरकारी काम वेगळं केल्यावर विनाकारण गैरहजर फक्त २.५ टक्क्यांच्या आसपास उरले. राज्यं आणि काळ वेगळे, त्यामुळे सरळ तुलना करू नका, पण पुढचा प्रश्न विचारल्याने शिक्षकाचं चित्र किती बदलतं बघा. तुमच्या सहकाऱ्यांना हेच सांगा, की तुम्ही "केलं नाही" एवढं लिहून थांबणार नाही.

खडूफळा
पुण्याला कधी गेलात तर कोथरूडच्या भारतीय शिक्षण संस्थेच्या ग्रंथालयात जरूर बसा. जे. पी. नाईकांनी १९४८ मध्ये मुंबईत सुरू केलेली, १९७६ पासून पुण्यात. कोल्हापूर जिल्ह्यातला हा माणूस कोठारी आयोगाचा सदस्य-सचिव होता, आणि समता, गुणवत्ता, संख्या या तिन्ही गोष्टी एकदम साधायला आपल्याला का जड जातं हे त्यांनी १९७५ मध्येच मांडून ठेवलंय. प्रशासनावर लिहिणाऱ्याने नाईक वाचले नाहीत असं होऊ नये.

बाकी कामाचं. परवानगी शिक्षणाधिकारी (प्राथमिक) यांच्याकडून लेखी घ्या, प्रत गटशिक्षणाधिकाऱ्यांना, केंद्रप्रमुखांना आणि त्या-त्या मुख्याध्यापकांना. अर्जात "निरीक्षण" शब्द वापरू नका, "वर्ग अभ्यास" लिहा, नाहीतर शाळेत शेरेबुक (तपासणीचे शेरे लिहायची वही) पुढे येतं. डाएटमध्ये (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेत) मराठी विषयाचे अधिव्याख्याता असतात, त्यांना पहिल्यापासून सोबत घ्या, कारण प्रशिक्षणाचा घटकसंच आणि सुलभकांची यादी त्यांच्याकडेच मिळेल. दर महिन्याच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत पंधरा मिनिटं मागून घ्या आणि तुमचं काम सगळ्यांसमोर समजावून सांगा, म्हणजे कुजबुज होणार नाही.

वाड्याची_वाट
आणि पायलटची (साधनं आधी करून बघायची) शाळा दुसऱ्या तालुक्यातली घ्या. जूनमध्ये नको, तेव्हा प्रवेश आणि पुस्तक वाटप असतं, मुलं नीट बसत नाहीत. ऑगस्टमध्ये जा. गोष्टीचे उतारे मी बनवलेले आहेत, तुमच्याकडच्या बोलीप्रमाणे शब्द बदलून घ्यावे लागतील. मेसेज करा, पाठवते.

गोदाकाठ
लगेच करते ताई. आमच्या एका वस्तीवरच्या शाळेत लमाण तांड्यावरची मुलं जास्त आहेत, घरी गोरमाटी बोलतात, त्यांच्यासाठी उतारा वेगळा करावा लागेल का हे पण तुम्हाला विचारायचंय.