रायफलच्या नळीतला तांब्याचा थर : कोणतं सॉल्व्हंट?

प्रश्न : .३०८ कॅलिबरची रायफल. हॉपीज नंबर ९ (नळी साफ करायचं सॉल्व्हंट, म्हणजे मळ विरघळवणारं द्रव) ने पॅच (नळीतून फिरवायचे कापडाचे तुकडे) आधी काळे, मग पांढरे येतात. पण नळीच्या तोंडाशी गोळ्यांवरच्या तांब्याच्या रेघा तशाच. अमोनियावालं घ्यावं का?

उत्तर १ : घ्या. नंबर ९ काजळीला उत्तम, तांब्यावर मंद. मात्र काजळी आधी निघू द्या. तिच्याखाली दबलेल्या तांब्यापर्यंत अमोनिया पोचत नाही. मग ओला पॅच फिरवून १० मिनिटं थांबा, पुसा. निळा डाग म्हणजे तांबं विरघळतंय. नळीत सुकू देऊ नका, पोलाद खराब होऊ शकतं.

उत्तर २ : निळ्या डागावर डोळे झाकून विश्वास नको! जॅग (रॉडच्या टोकाचा पॅच धरणारा भाग) पितळी किंवा ब्रश ब्राँझचा असेल तर तोच विरघळतो आणि नळी स्वच्छ असूनही पॅच निळाच येतो. नायलॉनचा ब्रश, निकेल मुलाम्याचा जॅग वापरा. रॉड चेंबरकडूनच (नळीच्या मागच्या, काडतूस बसतं त्या टोकाकडून) घाला, गाइड (रॉड सरळ ठेवणारी नळकांडी) लावून. तोंडाकडून घातला तर तिथली कड घासली जाते आणि नेम बिघडतो.

उत्तर ३ : दोन सॉल्व्हंटं एकमेकांत मिसळू नका, मध्ये कोरडे पॅच फिरवा. खिडकी उघडी हवी. शेवटी तेलाचा हलका हात. गोळी झाडण्यापूर्वी तोही पुसायचा.